दारातलं खाकरणं

आमच्या आर्णीत कोणत्याबी गोष्टीले सव्वा महिना लागते. बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडते, मोडलेला हात सव्वा महिन्यानं सुटते, अन् बिडी सोडाची असन तं तिचीबी मुदत तेवढीच. माहा मामा बोरी अरब गावचा. त्यानं कितीतरी डाव बिडी सोडली. दर डाव सव्वा महिना पुरा केला, अन् पुरा झाला म्हणून खुशीत एक ओढली. हा सव्वा महिना ज्या कोण्या शहाण्यानं ठरवला, तो मले एक डाव भेटला पाहिजे. मी त्याले संध्याकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजाच्या टायमाले आमच्या चुलीजवळ बसवीन अन् म्हणीन, मोज बाप्पा.

मी पहिल्यापासून टवाळ. शाळेत हेडमास्तर याच्या आधी हेडमास्तरचा आवाज ये, तो माहा राहे. यवतमाळच्या मोटरचा कंडक्टर, मामा, मामाचा बैल, बैलावर ओरडणारा मामा, सारे माह्या गळ्यात भाड्यानं राहत. एक डाव तं जिनिंगच्या फाटकाजवळ दोन्ही हात तोंडाले लावून मी भोंगाच काढला. आतल्या चार बाया हातातला कापूस टाकून, डबे घेऊन बाहेर आल्या. फोरमननं मले कानाले धरलं अन् माह्या बाबापुढे उभं केलं. बाबा त्याच जिनिंगमधी फिटर होता. त्यानं सर्वायच्या पुढे मले एक ठेवून देली. मंग घरी येता येता, गल्लीत कोणी नाही असं पाहून म्हणते, "काढ बरं पुन्हा. कसा काढला तो?"

मी काढला. बाबा हसला, अन् हसता हसता त्याले खोकला लागला.

जिनिंगमधी कापसाची रुई दिवसभर हवेत उडत राह्यते. दिसाले लग्नातल्या अक्षतीसारखी, पण छातीत जाऊन बसते. बाबाच्या छातीत ती बरेच वर्सं बसून होती. आमच्याकडे माणूस आपल्याच घरी आला तरी दारात खाकरते. आत बाया असतात, कोणाचा पदर खाली असते, कोणी केस मोकळे सोडून बसली असते. बाहेरून खाकरलं की सावरून बसाले येळ भेटते. साऱ्या गल्लीतले माणसं खाकरत, पण बाबाचं खाकरणं येगळं होतं. दोन लहान, मंग एक लांब, अन् लांबाच्या शेवटाले छातीतून एक बारीक शिट्टी. ते ऐकलं की माय पदर डोक्यावर घे अन् लोट्यात पाणी भरे. भिंतीपलीकडे आमची चाची राहे, सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचाची बायको. तीबी आपल्या अंगणात बसल्या बसल्या ओढणी डोक्यावर ओढून घे.

मंग बाबा आत येऊन म्हणे, "पानी आन वं." बसला की म्हणे, "पोट्टं जेवलं का?" हात धुतला की म्हणे, "जेव आता वं." मंग माय त्याच्याच ताटात जेवाले बसे. लग्न झालं तवापासून ती त्याच्या आधी कधी जेवली नाही. नवे पैसे चालू झाले त्याच्या दुसऱ्या साली, हंगाम जोरात असतानी, बाबा गेला. मी आठवीत होतो.

तेरवी झाली, पाव्हणे गेले. माय रडून मोकळी झाली होती. घर सारवे, भाकरी टाके, माह्याशी बोलेबी. फक्त जेवे नाही. भोंगा वाजला की तवा चढवे, मले वाढे, अन् स्वतः दाराकडे तोंड करून बसे. "माय, जेव ना," म्हटलं तं म्हणे, "नंतर जेवतो बाबू, तू खाय." ते नंतर कधी याचंच नाही. सकाळी शिळी चतकोर पाण्यासंगं गिळे, तेवढ्यावर दिवस काढे. हातातल्या बांगड्या तेरवीलेच गेलत्या; असत्या तं त्याबी आपोआप गळून पडल्या असत्या, असे हात झालते.

चाची भिंतीवरून खिचडीचा कटोरा दे. "भाभी, दो निवाले खा ले. बेटे की सूरत तो देख."

"ठेव वं माय," माय म्हणे. "खातो नंतर."

मले तवा एकच काम येत होतं, लोकायले हासवणं. एका सांजेले भोंगा वाजला, माय दाराकडे तोंड करून बसली, अन् मी मागच्या दारानं निंघून गल्लीतून पुढच्या दारात आलो. मनात होतं, एक डाव हासन, नाहीतं चिमटा घेऊन मारन. मारलं तरी चालते, पण तिनं काहीतरी करावं. गळा दाबून मी खाकरलो. दोन लहान, एक लांब. शिट्टी काही जमली नाही. ती मले कधीच जमली नाही, लय डाव करून पाह्यली.

भिंतीपलीकडे चाचीनं डोक्यावर ओढणी घेतली. मंग तिच्या ध्यानात आलं. हातातलं तांदुळाचं सूप तसंच ठेवून ती घरात पळाली.

मी आत गेलो. माय उभी होती, हातात लोटा होता. ती हासली नाही, मारलं नाही. लोटा माह्या हातात देला. आता मागं कसं फिरावं, हे मले समजेना, म्हणून मी पुढंच गेलो. पाटावर बसलो, जेवलो, हात धुतला अन् त्याच आवाजात म्हटलं, "जेव आता वं."

अन् माय जेवली. माह्याच ताटात बसून अख्खी भाकर खाल्ली, वरून वरण ओरपलं. मी तिच्याकडे पाहत राह्यलो. मनात म्हटलं, वा रे डॉक्टर! यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तुलेच नेऊन बसवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तं तिनं दाराकडे नाही, माह्याकडे पाह्यलं.

असं लागलं ते. सुरुवातीले मले मजाच वाटे. शाळेत हेडमास्तर, बाजारात कंडक्टर, अन् घरी बाबा. चैतात जिनिंग बंद झालं, भोंगा थांबला, तं वाटलं आता ह्याचीबी सुटी लागन. कायची लागते! हंगाम नसला की बाबा चाचाच्या दुकानात सायकली दुरुस्त कराले बसे अन् दिवे लागता लागता घरी ये. मायले तेबी टाइमटेबल पाठ होतं. चाचीच्या घरात कंदील लागला की माय माह्याकडे पाहे.

पावसाळ्याच्या आधी मामा आला. दोन दिवस त्यानं हे सारं पाह्यलं, अन् तिसऱ्या दिवशी मले अंगणात धरलं.

"काबे, बापाची नक्कल करतं? लाज नाही वाटत?"

"नक्कल नाही करत मामा. मायले जेवू घालतो."

"हे जेवू घालनं नाही, हे व्यसन लावनं होय. आजपासून तोंड बंद. सव्वा महिना. म्या बिडी नाही सोडली का?"

"सोडली ना," मी म्हटलं. "कालच तं तुले सोडता सोडता ओढतानी पाह्यलं."

एक कानाखाली भेटली, पण सव्वा महिना ठरला. मामा शेतीची घाई सोडून आमच्याकडेच राह्यला. पहिल्या सांजेले दिवे लागले. मी आपल्या आवाजात म्हटलं, "माय, जेव वं."

"तू जेव बाबू. मी नंतर जेवतो."

मामा खवळला. "नंतर कवा? कोन येनार हाय आता? सांग ना, कोन येनार हाय?"

मायनं त्याच्याकडे शांत पाह्यलं. "दादा, मी येडी हाय का? माह्या मांडीवर गेले ते. त्यायचे डोये म्या मिटवले. मले सर्व मालूम हाय. पन घास आत जात नाही, त्याले मी काय करू?"

भूतबाधा असती तं मामानं कोणी देवऋषी आणला असता. मायले बाधा नव्हती. तिच्या गळ्याले रोज सांजेले एक आवाज ऐकाची सवय होती, त्याच्याशिवाय गळा उघडत नव्हता. वीस वर्साची सवय. मामाची बिडी तिच्यापुढे बच्ची होती.

आठ-दहा दिवस मी तोंड बंद ठेवलं. माय रोज ताट पुढे घेऊन बसे, घास मोडे, तोंडापाशी नेये अन् खाली ठेवे. ढोंग नव्हतं ते. एक डाव तिनं डोळे मिटून जबरदस्तीनं गिळला, तं सारा बाहेर आला. मंग एका सकाळी पाण्याचा गुंड उचलतानी ती विहिरीपाशी बसूनच राह्यली, चाचीनं तिले धरून घरी आणलं. त्या सांजेले मामा अंगणात बिडी ओढत उभा होता. माह्याकडे पाठ करून म्हणते, "काढ बे."

"काय काढू?"

"आवाज काढ. नाटकं करू नोको."

मी दारातून खाकरलो. माय जेवली. मामा बाहेरच उभा राह्यला, आत आला नाही. सकाळच्या मोटरनं बोरी अरबले निंघून गेला.

मंग मी माही अक्कल लावली. एकदम सुटत नसन तं हळूहळू सोडवावं, गवळी दुधात पाणी वाढवते तसं. दोन लहानातला एक कमी केला. माय लोटा देता देता म्हणते, "आज छाती बरी दिसते. अडुळसा मानवला." तिचा चेहरा इतका खुश, की मले पुढं कमी कराची हिंमत होईना. तरी केलं. नुसतं लांबवालं ठेवलं. तं त्या रात्रीपासून चुलीवर अडुळशाचा काढा बंद झाला. हो, मी ते सांगाले विसरलो: माय रोज काढा करे, अन् मी तो पेत होतो. लय कडू. मंग मी सारंच बंद करून नुसतं "जेव आता वं" एवढंच म्हटलं. माय जेवली नाही. घाबरली. रात्री दोनदा उठून माह्या पांघरुणाशी आली, श्वास पाहून गेली. सकाळी मी उठलो तं अडुळसा पुन्हा उकळून राह्यला होता. खोकला थांबला म्हणजे तिले बाबाचा श्वासच थांबला वाटला. माणूस एक डावच मरते. मी त्याले पुन्हा माराले निंघालो होतो. सोडलं ते. दोन लहान, एक लांब, जसं होतं तसं.

दहावीत माहा गळा फुटला. त्याच्या आधी मले आवाज दाबून, खाली नेऊन काढा लागे. आता तो आपोआप खाली गेला. शाळेत कविता म्हणाले उभा राह्यलो, तं मलेच ऐकून दचकल्यासारखं झालं. अन् त्याच दिवसायत एका सांजेले मी खाकरून आत गेलो, तं मायनं डोक्यावर पदर ओढला. मान खाली घातली. बाजूले सरकून उभी राह्यली, नवऱ्याले वाट देतात तशी.

मी तिच्या पोटचा पोट्टा. माह्या पाठीले तिनं बेसन लावून आंघोळ घातली होती. अन् ती माह्यापुढं पदर घेऊन उभी होती.

त्या रात्री मी बाबाचं काही दुसरं आठवून पाह्यलं. तो काय काय बोले, रागवे कसा, हासे कसा. तीन-चार वाक्यं सोडून मले काहीच सापडेना. जिनिंगच्या गल्लीत तो हासला होता, हे मालूम होतं. कसा हासला, ते ऐकू येईना. सकाळी मी मायले इचारलं, "माय, बाबा हासे कसा वं?"

ती चूल फुंकत होती. म्हणते, "तू काढतो ना आवाज, तसाच."

मी कधी त्याचं हासणं काढलंच नव्हतं. तिच्यापाशीबी काही उरलं नव्हतं. आम्ही दोघायनं मिळून रोज सांजेले थोडा थोडा करून तो माणूस खर्चून टाकला होता, अन् आता आमच्याजवळ माही नक्कलच राह्यली होती.

मॅट्रिकले बसलो अन् पडलो. मंग मी राजूरले गेलो, कोळशाच्या खाणीवर, वर्कशॉपमधी हेल्पर म्हणून. लोकायले सांगतलं, नोकरीसाठी. मामाले खरं सांगतलं. तो बैलगाडी जुतून आला अन् मायले बोरी अरबले घेऊन गेला.

राजूरले मी कोणाचीच नक्कल केली नाही. खाणीतले पोट्टे मले मुका म्हणत.

पोळ्याले बोरी अरबले गेलो, तं मामानं मले गोठ्यात नेऊन हळूच सांगतलं, "जेवते बे. पहिले दोन महिने लय तरास देला. आता पोट्ट्यायच्या ताटात बसते, त्यायच्या संगं जेवते. भोंगा नाही, ते दार नाही. सुटली." मामानं खिशातून बिडी काढली, पाह्यली, अन् पुन्हा ठेवून देली. मी आडून पाह्यलं. माय खरंच मामाच्या लहान पोरासंगं जेवत होती अन् त्याले म्हणत होती, "मेल्या, माहा कांदा कायले घेतं?" मी गोठ्यात परत जाऊन बैलाच्या गळ्याले मिठी मारली. रंगवलेला बैल, शर्ट सारा गेरूनं भरला.

त्याच्या पुढच्या साली आर्णीच्या जिनिंगमधी फिटरची जागा निंघाली. बाबाचा पोट्टा म्हणून फोरमननं मले निरोप धाडला, तोच कान धरणारा. मायले घर पाहाचं होतं. चाचीनंबी निरोप देला होता, की भिंत एकटी पडली. आम्ही दोघंबी आलो.

आता भोंगा वाजला की घरी येणारा मीच होतो. पण मी आधीच बंदोबस्त केला होता. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत येत जाऊ: "चला, आर्णी, आर्णी उतरून घ्या! ओ बाई, बोचकं उचला, बोचकं!" कंडक्टरचा आवाज. कधी हेडमास्तर होऊन येऊ. कधी बैल होऊन नुसता हंबरत येऊ. चाची भिंतीआडून म्हणे, "आ गया नौटंकी!" ओढणी जिथं असन तिथंच राहे. माय दारात येऊन हासे. "एवढा घोडा झाला, अकल नाही आली," म्हणे, अन् दोन ताटं मांडे. दोन. आम्ही सोबत जेवत जाऊ. ती माह्या आधी जेवून उठे कधी कधी.

मामा बाजाराले आला तं पाहून गेला. "सव्वा महिना झाला," म्हणते. "म्या सांगतलं नव्हतं?"

पौषात कापसाची आवक वाढली. गाड्यायची रांग फाटकाबाहेर गेली. मशीन दिवसरात्र चाले अन् माहं काम तिच्या पोटाखाली, जिथं रुई सर्वात जास्त उडते. सकाळी थुंकी पांढरी ये. तोंडाले फडकं बांधत जाऊ, पण फडकं बांधून पाना धरला की श्वास पुरे नाही, मंग सोडून टाकू. बाबाबी सोडून टाके, असं जुने लोकं सांगत.

त्या दिवशी भोंगा वाजला, मी निंघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो अन् कंडक्टर कराले तोंड उघडलं. आवाज निंघालाच नाही. छातीत काहीतरी अडकलं होतं. थांबलो. पुन्हा चाललो. दारात पोचलो अन् ते वर आलं. थांबवता येईना. दोन लहान आले. मंग एक लांब आला, लय लांब, डोळ्यात पाणी आणणारा. अन् त्याच्या शेवटाले, मी काही केलं नाही, खरंच काही केलं नाही, छातीतून ती बारीक शिट्टी वाजली.

लहानपणापासून जी जमली नाही ती.

भिंतीपलीकडे चाचीनं ओढणी डोक्यावर घेतली. ह्या डाव ती घरात पळाली नाही. तशीच बसून माह्याकडे पाहत राह्यली, अन् तिनं तोंडावर हात ठेवला.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मंग माठात लोटा बुडाल्याचा. मले ओरडाचं होतं, माय, मी आहो, मी खरंच खोकललो वं, हे काही नाटक नाही. पण बोलाले गेलो की खोकला ये. मी दाराची चौकट धरून उभा राह्यलो.

माय आली. डोक्यावर पदर, मान खाली, हातात लोटा. मी पाणी पेलो. ती माह्या छातीकडे पाहत होती.

"आज लय वाजते," ती हळूच म्हणाली. "अडुळसा आनाले पाह्यजे."

आत एकच ताट मांडून होतं. दुसरं तिनं उचलून फळीवर ठेवलं होतं. मी बसलो, जेवलो, हात धुतला. ती चुलीजवळ बसून होती, वाट पाहत. आपला आवाज कोणता, हे मी आठवून पाह्यलं. कंडक्टरचा आठवला, हेडमास्तरचा आठवला, मामाचा आठवला.

"जेव आता वं," मी म्हटलं.

ती माह्या ताटात बसली अन् पोटभर जेवली. मी भिंतीले टेकून तिच्याकडे पाहत होतो. छातीत ती शिट्टी वाजत होती. मी श्वास दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. ती काही थांबत नव्हती.